‘ज्ञानेश्वर’ लिहायला ३० बाइट लागतात

माझे वडील जुळारी होते. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी २० वर्षांहून अधिक काळ शिशाचे खिळे जुळवले, आणि शाळा सुटल्यावर मी बहुतेक दिवस तिथेच एका कोपऱ्यात बसून गृहपाठ करीत असे. इंग्रजी मजकुराला लागणारे खिळे मोजकेच असतात. मराठीसाठी मात्र अख्खी अक्षरे, अर्धी अक्षरे, काने, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे मिळून शेकडो प्रकारचे खिळे लागत. बाबांचा हात त्या खणांमधून न पाहता फिरे आणि खिळे रचायच्या पट्टीतली, म्हणजे स्टिकमधली, उलटी अक्षरे ते सुलट मजकुराइतक्याच सहजतेने वाचत. ‘किती’ हा शब्द जुळवताना ते आधी ऱ्हस्व वेलांटी उचलत आणि मग ‘क’, कारण कागदावर डोळ्यांना वेलांटी आधी दिसते. ही बारकाईची गोष्ट पुढे माझ्या कामात इतकी महत्त्वाची ठरेल, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

१९९५च्या सुमारास छापखान्यात डीटीपी आले, खिळे भंगारात गेले आणि बाबा पंचेचाळिशीत संगणकावर अक्षरजुळणी शिकले. मी पहिला संगणक पाहिला तो तिथेच. पुढे पुणे विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेतली आणि तेव्हापासून आजवर पतसंस्था, ग्रंथालये आणि छोट्या संस्था यांच्या नोंदी सांभाळणारे प्रोग्राम लिहिणे हेच माझे काम राहिले आहे. हिंजवडीपर्यंतच्या रोजच्या प्रवासाबद्दल वेगळे लिहावे असे काही नाही.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत घडलेली एक घटना मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण सॉफ्टवेअरकडे पाहण्याची माझी दृष्टी तिने घडवली. एका पतसंस्थेच्या सभासदांची नावे एका प्रणालीतून दुसरीकडे पाठवणारा प्रोग्राम मी लिहिला होता आणि नावाचा रकाना मला दिलेल्या आराखड्याप्रमाणे २५ बाइटांचा ठेवला होता (बाइट म्हणजे संगणकात मजकूर साठवण्याचे छोटे एकक). इंग्रजी नावांवर सगळे सुरळीत चालले. पहिल्या मराठी पावत्या छापून आल्या, तेव्हा एका वयस्कर सभासदाच्या पावतीवर ‘ज्ञानेश्’ एवढेच छापलेले होते आणि पुढे एक रिकामा चौकोन होता. मराठी माणसाच्या हिशेबाने या नावात चार अक्षरे आहेत: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, हिशेबाने मात्र त्यात दहा चिन्हे आहेत, कारण प्रत्येक हलन्त, काना आणि मात्रा स्वतंत्र मोजली जाते. आणि केन थॉम्पसन व रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी १९९२ साली आखलेल्या, हे क्रमांक बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. दहा गुणिले तीन म्हणजे ३०. पंचविसाव्या बाइटवर कात्री लागली तेव्हा आठ चिन्हे शिल्लक राहिली आणि नवव्याचा तुकडा पडला.

यात यूटीएफ-८चा दोष नाही. ती पद्धत मला आजही अतिशय सुंदर वाटते. दोष आमचा होता, कारण रकान्याची रुंदी ठरवताना त्यात कोणाची नावे यायची आहेत हे आम्ही कोणीच विचारले नव्हते. ते सभासद पावती घेऊन खिडकीपाशी शांतपणे उभे राहिले आणि ‘माझे नाव पूर्ण लिहून द्या’ एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक चाचणीत ‘ज्ञानेश्वर’ हे नाव असते.

त्याच्यासोबत ‘कऱ्हाडे’ हे आडनावही असते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. मराठीला हा फरक लिहून दाखवावा लागतो आणि तो दाखवणारा अर्धा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. एका मार्गात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन त्याला हलन्त जोडतात, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण शोध घेणाऱ्या प्रोग्रामला ती दोन वेगळी आडनावे वाटतात आणि युनिकोडचे प्रमाण सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची क्रिया, केल्यानेही ती एक होत नाहीत. ‘ॲ’ची कथाही अशीच आहे: हे अक्षर २००८ साली युनिकोडमध्ये आले, त्यापूर्वीच्या नोंदींत ‘अ’ला वेगळा चंद्र जोडलेला असतो. ही काळजी प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच घ्यायची असते, असे माझे ठाम मत आहे. ग्रंथालयातल्या सेविकेने एकच आडनाव दोनदा शोधून पाहावे ही अपेक्षा चुकीची आहे.

छापखान्यातली आणखी एक सवय मी जपली आहे. तिथे मुद्रिते तपासताना एक जण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाची आणि दुसरा मुद्रितावर बोट ठेवून चाले, कारण स्वतः जुळवलेल्या मजकुरातली चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही. आम्ही दोघी सहकारी महत्त्वाचा कोड याच पद्धतीने तपासतो. वेळ लागतो, पण मला ज्ञात असलेला याहून चांगला उपाय नाही.

रविवारी मी मोडी शिकते (ही लिपीही २०१४ साली युनिकोडमध्ये आली) आणि उरलेला वेळ बाबांच्या जुन्या फाइलींना देते. १९९५नंतर त्यांनी जुळवलेले दिवाळी अंक आणि स्मरणिका त्या काळच्या फॉन्टांमध्ये आहेत, म्हणजे फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे व चिन्हे आहेत आणि योग्य तो फॉन्ट असेल तरच ती मराठी दिसतात. शिवाय तिथला क्रम खिळ्यांसारखाच, डोळ्यांना दिसतो तसा आहे: वेलांटी आधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडचा क्रम उच्चाराचा आहे, तो आपल्याकडच्या इस्की या संकेतप्रणालीवरून आलेला आहे. त्यामुळे माझ्या प्रोग्रामला ‘शक्तिशाली’मधली वेलांटी ‘क्त’ ओलांडून पुढे न्यावी लागते आणि ‘मूर्ती’मधला रफार वेलांटी व ‘त’ ओलांडून मागे आणावा लागतो. प्रोग्राम कधीतरी टाकून दिले जातात, मजकूर मात्र राहायला हवा, या एका विश्वासापोटी मी हे काम करते.

रूपांतरित मजकूर बाबा मोठ्याने वाचतात आणि मी छापील अंकावर बोट ठेवते. मागच्या महिन्यात सह्याद्रीवरच्या एका लेखात ते अचानक थांबले आणि म्हणाले, “अगं, डोंगरात दर्या कुठून आला?” जुन्या फॉन्टची चिन्हे युनिकोडशी जुळवणाऱ्या माझ्या तक्त्यात अर्ध्या ऱचा संकेत रफाराच्या रांगेत पडला होता. ती ओळ मी त्याच रात्री दुरुस्त केली आणि आधी झालेल्या सगळ्या फाइली पुन्हा चालवल्या. १९९७ आणि १९९८चे अंक अजून बाकी आहेत. त्यांतल्या एका फॉन्टची प्रत कोणाकडेच सापडलेली नाही, म्हणून त्याचा तक्ता आम्ही छापील पानावरून एकेक चिन्ह ओळखत तयार करीत आहोत.