वहीतले एकच पद

गोव्यातल्या साखळीच्या विठ्ठलापुरातून पंढरपूरला पायी निघालो, तेव्हा वाळवंटी नदी लाल पाण्याने भरली होती. माझ्या मोबाईलमध्ये गाथा होती, ज्ञानेश्वरी होती, हरिपाठ होता, शिवाय कितीतरी कीर्तने. दिंडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज नवी भर पडायची. खरे सांगते, यातले मला धड पाठ काहीच नव्हते.

केरीपर्यंत लोकांनी केळी, बिस्किटे दिली. "माऊली, घ्या" म्हणून पाया पडणाऱ्याला नको कसे म्हणणार? पिशवी जड होत गेली.

केरीच्या मुक्कामाला पेज जेवताना शेजारी पेडण्याच्या एक आजी होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली. पुठ्ठा दोऱ्याने शिवलेला, कडेला हळदीच्या बोटांचे डाग, निळी शाई मधेमधे फुटलेली.

"आजी, सगळ्या पानांचे फोटो काढू?"

"सगळी नको गो बाय. एक उतरून घे. उद्या घाटात मला म्हणून दाखव, मग दुसरे."

पद सोहिरोबानाथांचे होते. बांद्याचे कुळकर्णीपण सोडून नाथपंथाला लागलेले, अठराव्या शतकातले आमचे संतकवी. "त्यांना सुचायचे ते त्यांची बहीण लिहून घ्यायची, असे सांगतात," आजी म्हणाल्या. आमच्याकडे घरात कोंकणी, पण भजनाला बसलो की मराठीच तोंडात येते. त्या रात्री ती माझ्या हातातही आली. कित्येक वर्षांनी मी एवढे लिहिले. एका शब्दाशी अडले. आजींनी अर्थ सांगितला नाही, चाल म्हणून दाखवली. तो शब्द त्या कुठे लांबवतात, कुठे सोडतात, ते ऐकले आणि अर्थ आपोआप उलगडला. हे मला मोबाईलमधल्या एकाही कीर्तनाने दिले नव्हते, कारण तिथे अडायला मी कधी थांबलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी चोर्ल्याच्या घाटात धुके इतके, की पुढची पताका दिसेना. मी पद धरले. तिसऱ्या कडव्याला चुकले, तर पुढून आजींचा आवाज आला आणि ओळ सापडली. मागे चालणारी कॉलेजातली मुलगी जवळ आली. "ताई, ते मला पाठवा ना."

मी फोन काढला, आणि परत ठेवला.

संध्याकाळी ती कागद घेऊन आली. पेन माझेच. पहिली ओळ लिहून होताच तिने विचारले, "याची चाल कशी?"