सिंगापूरमध्ये सहा आठवड्यांचे घर

जुळे सोलापुरातील आमचा वरचा मजला मी गेली कित्येक वर्षे भाड्याने देत आलो आहे. अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम आणि मध्येच काही बिनसले तर ओट्यावर बसून तोडगा, एवढेच माझे भाडेशास्त्र. मुलीला नोकरीसाठी सिंगापूरला जावे लागले, तेव्हा समजले की तिथे भाड्याच्या आधी दिवस ठरतात.

तेथील एचडीबीची, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाची घरे किमान सहा महिन्यांसाठीच भाड्याने देता येतात आणि खासगी सदनिका सलग तीन महिन्यांसाठी. २०१७ पूर्वी तीही मर्यादा सहा महिन्यांचीच होती. हा नियम कागदापुरता नाही, कारण घरे थोड्या दिवसांसाठी देणाऱ्या दोघांना २०१८ मध्ये प्रत्येकी ६० हजार सिंगापूर डॉलर दंड झाला. मग सहा आठवडे राहणाऱ्याने जायचे कुठे? एक तर हॉटेल, नाही तर किमान सात दिवसांची अट असलेले सर्व्हिस्ड अपार्टमेंट, म्हणजे हॉटेलसारख्या सोयी असलेले सुसज्ज भाड्याचे घर. या मधल्या फटीवरच हा सारा धंदा उभा आहे, असे माझे मत झाले.

मुलीने सहा आठवड्यांसाठी असेच अपार्टमेंट घेतले. त्याचे भाडे ऐकून मी गप्प झालो. पण वीज, पाणी, इंटरनेट, साफसफाई आणि भांडीकुंडी हे सारे त्यातच होते. मी भेटीला गेलो तेव्हा सोलापूरकराच्या सवयीने आधी टॉवेल हातात घेतला, उलटून वीण पाहिली. माल चांगला होता. स्वयंपाकघराने मात्र फजिती केली. इंडक्शन शेगडीवर आम्ही नेलेला अॅल्युमिनियमचा तवा तापेचना, आणि दोन दिवस शेंगाची चटणी पावाला लावून खावी लागली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील सरकारने किमान तीन महिने मुक्कामाच्या सर्व्हिस्ड अपार्टमेंटचा नवा प्रकार जाहीर केला. मात्र २०२४ मध्ये अशी घरेही बांधायची असलेल्या झायन रोडच्या सरकारी भूखंडासाठी एकच बोली आली आणि अप्पर थॉमसन रोडच्या भूखंडासाठी एकही नाही. मला त्याचे नवल वाटले नाही. सर्व्हिस्ड अपार्टमेंटची एकेक खोली सुटी विकता येत नाही, त्यामुळे सदनिका विकून मोकळे होण्याची सवय असलेल्या बिल्डरने भाड्याच्या भरवशावर पैसा वर्षानुवर्षे का अडकवावा?

सातव्या आठवड्यात मुलीने खासगी सदनिकेचा दोन वर्षांचा करार केला. दोन महिन्यांचे भाडे अनामत आणि एकूण भाड्यावर ०.४ टक्के मुद्रांक शुल्क, तेही भाडेकरूनेच भरायचे. नोकरी गेली किंवा परदेशी बदली झाली, तर वर्षभरानंतर दोन महिन्यांची सूचना देऊन घर सोडता येईल, असे कलम तिने मला फोनवर वाचून दाखवले. "बाबा, आपल्या करारात असं काही आहे का हो?" तिने विचारले. मी कपाटातून कागद काढून पाहिला. महिनाभराच्या सूचनेची एक ओळ होती खरी. ती मीही त्या दिवशी पहिल्यांदाच वाचली.