कमी दिवसांचं की कमी वजनाचं?

सकाळी चार्ज घेताना रात्रपाळीच्या सिस्टरनं सांगितलं, "तीन नंबरला नवीन ॲडमिशन. प्रीटर्म, 33 आठवडे, वजन 1900. आई वरच्या वॉर्डात."

नंदुरबार जिल्ह्यात नवजात शिशू कक्षात मी स्टाफ नर्स आहे. बाळाला अजून नाव नसतं, त्यामुळे आठवडे आणि ग्रॅम हीच त्याची ओळख. दाराबाहेर बाप उभा होता. धडगावकडच्या पाड्यावरचा पावरा तरुण, पण कामानिमित्त सपाटीवर वावरलेला, म्हणून अहिराणी बोलत होता. "ताई, पोऱ्या जगी ना?" एवढंच त्यानं विचारलं. उसतोडीची टोळी गुजरातकडे निघायच्या बेतात होती, हे नंतर कळलं.

बाळ वॉर्मरखाली होतं. अंगावर मांस नाही, मांड्यांची कातडी सैल, डोकं धडापेक्षा मोठं वाटणारं. त्या दिवशी माझ्याबरोबर नर्सिंगची एक विद्यार्थिनी होती. तिला मी पुस्तकातले शब्द विचारले. तिनं न अडखळता सांगितले: पोटात आठ आठवडे एम्ब्रियो, नवव्यापासून फीटस, जन्मल्यावर 28 दिवस निओनेट, वर्षाचं होईपर्यंत इन्फंट, चालायला लागलं की टॉडलर. 37 आठवड्यांच्या आत जन्मलं तर प्रीटर्म. 2500 ग्रॅमच्या आत लो बर्थ वेट. मग म्हणाली, "पण मॅडम, शेवटी दोन्ही एकच ना? लहान बाळ म्हणजे प्रीमॅच्युअर."

असं नुसत्या विद्यार्थिनीच म्हणत नाहीत. वॉर्डात, रिक्षात, गावात, कुठलंही बारकं बाळ दिसलं की लोक त्याला प्रीमॅच्युअर ठरवतात. मला हे फार खटकतं, कारण एक शब्द दिवस मोजतो आणि दुसरा वजन. आधी आलेल्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात, श्वास मध्येच थांबू शकतो. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ त्याला साधारण 34 आठवड्यांपर्यंत जमत नाही. दिवस पूर्ण भरलेलं पण पोटात उपाशी राहिलेलं बाळ वेगळं. त्याचे अवयव तयार असतात, साठा मात्र नसतो. त्याची साखर झपकन उतरते. थंडी दोघांनाही बाधते, पण दूध पाजायची रीत एक नाही.

या बाळाला 33 आठवड्यांच्या हिशेबानं आईचं काढलेलं दूध वाटी-चमच्यानं चाललं होतं. ते मात्र मूठ तोंडात कोंबून जोरात चोखत होतं. गालाला बोट लावलं की तोंड तिकडे वळायचं. मी पाय हातात घेतला. तळव्यावर रेघा होत्या, बोटांपासून पार टाचेपर्यंत. 33 आठवड्यांच्या तळव्याला इतक्या रेघा नसतात. कान दुमडून सोडला तर लगेच सरळ झाला. पाठीवर लव जवळजवळ नव्हतीच.

आईचं गरोदरपणाचं कार्ड काढलं. शेवटच्या पाळीची तारीख 8 एप्रिल. त्यावरून 25 नोव्हेंबरच्या जन्माला बरोबर 33 आठवडे होत होते. सोनोग्राफी एकच, सातव्या महिन्यातली, आणि तीही 8 एप्रिलशी जुळणारी. पण इतक्या उशिराची सोनोग्राफी बाळाच्या आकारावरून वय सांगते. बाळच बारकं असेल तर वयही कमीच निघणार. तिचा पुरावा म्हणून उपयोग नव्हता.

मी वर आईकडे गेले. एकोणीस-वीस वर्षांची असेल, डोळे पांढरे पडलेले, रक्त कमी. आमच्या आयामावशी पावरी बोलतात, त्यांना सोबत घेतलं. तारीख विचारलीच नाही. पाळी शेवटची आली तेव्हा गावात काय चाललं होतं, एवढंच विचारायला सांगितलं. पोरगी गप्प राहिली. तिची सासू मात्र लगेच बोलली: भोंगऱ्याच्या बाजाराला जायची तयारी चालली होती आणि ही चार दिवस बाजूला बसली होती.

भोंगऱ्याचे बाजार सातपुड्यात होळीच्या आधीच्या आठवड्यात भरतात. 2025 ची होळी 13 मार्चला होती. म्हणजे पाळी मार्चच्या पहिल्या आठवड्यातली. मग एप्रिलची तारीख कुठून आली? मावशींनी पुन्हा विचारलं तेव्हा उलगडा झाला. पाळी चुकली आहे हे लक्षात आलं तो दिवस तिनं सांगितला होता, आणि तोच कार्डावर चढला. हे डोंगरातच घडतं असं नाही. जळगावच्या कॉलनीतल्या बायाही असंच सांगतात. पाळी कधीची म्हटलं की चुकलेली आठवते, आलेली नाही.

मी आठवडे पुन्हा मोजले. साधारण 38 भरत होते.

डॉक्टर मॅडम राउंडला आल्यावर सगळं सांगितलं. त्यांनी कार्ड बाजूला ठेवलं आणि बाळाची न्यू बॅलार्ड तपासणी केली. आईला तारीख आठवत नसली तरी बाळाचं अंग आणि हातापायांचा ताण पाहून वय काढायची ही पद्धत. तिचं सुधारलेलं रूप 1991 सालचं आहे. गुण 35 आले. तक्त्यात 35 समोर 38 आठवडे लिहिलेले असतात. केसपेपरवरचं प्रीटर्म त्यांनी खोडलं, आणि टर्म, स्मॉल फॉर डेट्स, म्हणजे दिवस भरलेलं पण त्या मानानं बारकं, असं लिहून सही केली. टाचेतून थेंब घेऊन साखर पाहिली, 42. आमच्याकडे 45 च्या खाली गेली की थांबायचं नाही. बाळ लगेच आईच्या छातीला लावलं. पहिल्याच खेपेला त्यानं घट्ट धरलं. तासाभरानं साखर 58.

1800 ग्रॅमच्या वरचं बाळ नुसत्या वजनासाठी आमच्या कक्षात ठेवत नाहीत. हे आलं होतं ते 34 आठवड्यांच्या आतलं म्हणून. दुपारी ते आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधलं आणि दोघांना कांगारू वॉर्डात हलवलं. बोगोटाच्या डॉक्टरांनी 1978 मध्ये बाळं उबेत ठेवायच्या पेट्यांच्या टंचाईत सुरू केलेली ही रीत आमच्याकडे रोजची झाली आहे. आईचं रक्त तपासायला पाठवलं, सिकलसेलसकट, कारण या पट्ट्यात तो आजार आहे आणि बाळ पोटात का वाढलं नाही याचं उत्तर शोधायलाच हवं होतं.

विद्यार्थिनी संध्याकाळपर्यंत बाळाचे तळवे पाहत होती. मग इतर बाळांचेही पाहून आली.

तेव्हापासून चार्जच्या टेबलावर काचेखाली मी एक कागद ठेवला आहे: महाशिवरात्र, भोंगऱ्या, होळी, आखाजी, पोळा, नवरात्र, दिवाळी, आणि समोर त्या वर्षीच्या तारखा. आशाताई आल्या की त्यांनाही त्याची नक्कल देते.

बाळाला घरी सोडायच्या दिवशी बापाशी मात्र वाद झाला. दिवस भरलेले आहेत, मग महिन्यानं डोळे तपासायला पुन्हा कशाला, असं तो म्हणत होता. मुकादमाची उचल घेतलेली होती, त्याची घाई मला कळत होती. पण डोळ्यांच्या पडद्याची तपासणी 34 आठवड्यांच्या आतल्या बाळांना लागते, तशी 2000 ग्रॅमच्या आतल्यांनाही लागते. इथे वजनाचा हिशेब लागू होता, आणि तो मी सोडला नाही. शेवटी तो एकटाच टोळीबरोबर गेला आणि सासू-सुना मागे राहिल्या. ठरलेल्या आठवड्यात दोघी बाळाला घेऊन आल्या. डोळे चांगले निघाले, वजन 2560 भरलं.