नव्वद दिवसांचा हिशेब

मिरजेहून अभिनय करायला मुंबईत आले तेव्हा काम मिळेल का, एवढीच काळजी होती. आता नवीन मुलं-मुली विचारायला लागली की मी आधी दुसरंच सांगते. काम मिळाल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत किती दिवस जातात ते आधी समजून घ्या, मग महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढा. मालिकांमध्ये 90 दिवसांनी पैसे ही रीत आहे. 3 जूनला पहिला दिवस शूट केलात तर त्या महिन्याचं व्हाउचर, म्हणजे कामाच्या दिवसांचं बिल, 30 जूनला बनतं. तिथून 90 दिवस मोजले की 28 सप्टेंबर उजाडतो. म्हणजे जवळजवळ चार महिने तुम्ही सेटवर जाताय, गावाकडचे लोक तुम्हाला टीव्हीवर बघतायत आणि खात्यात मात्र खडखडाट. हातात काम असतानाही परत गेलेली मुलं मी पाहिली आहेत, ती याच टप्प्यावर.

म्हणून गाठीशी किती हवेत त्याचं गणित घरीच मांडा. समजा तिघी-चौघींमध्ये घेतलेल्या फ्लॅटमधला तुमचा वाटा महिना 12,000 आहे. तीन महिन्यांचं डिपॉझिट 36,000 आणि एका महिन्याची दलाली 12,000, असे 48,000 दारातच जातात. भाडं, जेवण, प्रवास, फोन धरून महिन्याचा खर्च 25,000 धरला तर सहा महिन्यांचे दीड लाख. एकूण दोन लाखांच्या आसपास. आकडे तुमच्या घराप्रमाणे बदलतील, पण पद्धत हीच ठेवा. डिपॉझिट हे परत मिळणारे पैसे असले तरी वर्षभर हाताशी नसतात, त्यामुळे ते खर्चातच धरा. करार बहुधा 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा असतो. तो नोंदणी केलेलाच हवा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिल्याची पोचपावतीही मागून घ्या. कलाकार म्हटलं की सोसायटीवाले रात्री येण्याजाण्याबद्दल विचारतात. शूटिंग उशिरा संपतं हे आधीच स्पष्ट सांगावं, लपवलं तर दुसऱ्याच महिन्यात खोली सोडायची वेळ येते.

राहायचं कुठे, हे तुम्ही कुठलं काम शोधताय त्यावर ठरतं. हिंदी जाहिराती, वेब सिरीज, सिनेमा यांची कास्टिंग ऑफिसं वर्सोव्याच्या आराम नगर 1 आणि 2 मध्ये, यारी रोड, सात बंगला, ओशिवरा या पट्ट्यात दाटीनं आहेत. मराठी मालिकांचे सेट मात्र गोरेगावची चित्रनगरी, मढ, मीरा रोड, नायगाव आणि ठाण्याचा घोडबंदर रोड असे विखुरलेले. नाटकाच्या तालमी दादर-माटुंगा-परळच्या बाजूला. नुसतं ऑडिशनच्या जवळ राहायचं म्हणून वर्सोव्यात जास्त भाडं भरणं मला पटत नाही. गोरेगाव, मालाड, कांदिवलीत राहिलं की पश्चिम रेल्वे हाताशी असते आणि मेट्रो 2अ अंधेरी पश्चिमेला उतरवते. मढला जायचं असेल तर वर्सोव्याहून फेरीबोट आहे. मालाडमार्गे रस्त्यानं जाण्यापेक्षा कितीतरी वेळ वाचतो. चित्रनगरीच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: गेट म्हणजे सेट नव्हे. गेटपासून आत बरंच जायचं असतं. कॉल टाइम सातचा असेल तर सातला मेकअपच्या खुर्चीत बसायचं असतं, गेटवर पोचायचं नसतं.

फोटोंवर पहिल्याच महिन्यात पोर्टफोलिओच्या नावाखाली मोठी रक्कम घालवू नका. कास्टिंगवाल्यांना तुम्ही आज कशा दिसता ते हवं असतं. हसरा क्लोजअप, न हसता क्लोजअप, मिड म्हणजे कमरेपर्यंतचा, पूर्ण उंचीचा, डावा आणि उजवा प्रोफाइल असे सहा फोटो, दिवसाच्या उजेडात, जवळपास मेकअपशिवाय. शिवाय एक साडीतला आणि एक जीन्समधला. केस कापले, वजन बदललं की लगेच नवीन काढायचे. फोटोतली मुलगी आणि दारातली मुलगी वेगळी दिसली की दारावरच 'नॉट फिट' ऐकावं लागतं. हा शब्द आराम नगरात दिवसातून दहादा कानावर पडतो. त्याचा अर्थ वय, उंची, रंगरूप त्या भूमिकेच्या वर्णनात बसत नाही एवढाच. तुमचा अभिनय अजून कुणी पाहिलेलाही नसतो.

आता बरीचशी पहिली फेरी घरून पाठवलेल्या व्हिडिओवरच होते, म्हणून सेल्फ टेप नीट यायलाच हवी. फोन आडवा, स्टँडवर, लेन्स डोळ्यांच्या उंचीला. खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागे असली तर चेहरा काळा पडतो. मागे मोकळी भिंत, पण भिंतीला चिकटून उभं राहू नका, हातभर पुढे या म्हणजे सावली पडत नाही. पंखा बंद. घामाघूम झालात तरी बंद, कारण फोनचा माइक तुमच्या आवाजाआधी पंख्याची घरघर उचलतो. आधी इंट्रो: नाव, वय, उंची, मूळ गाव, सध्या कुठे राहता, कुठल्या भाषा येतात, मग दोन्ही प्रोफाइल आणि हातांच्या दोन्ही बाजू. जाहिरातीसाठी असेल तर याआधी कुठल्या उत्पादनाची जाहिरात केली तेही सांगायचं, कारण चहाच्या एका ब्रँडबरोबर करार चालू असताना दुसऱ्या चहाचं काम घेता येत नाही. सीनमध्ये समोरच्याचे संवाद वाचायला खोलीतल्या मैत्रिणीला लेन्सच्या अगदी शेजारी उभं करा आणि तिला हळू, सपाट वाचायला सांगा. ती मोठ्यानं वाचायला लागली की टेपमध्ये तिचाच आवाज भरतो.

टेप चांगली होऊनही वाया जाते ती पाठवताना. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ म्हणून टाकला की दाबला जातो आणि चेहरा धूसर होतो. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. लिंक दिली तर ती कुणालाही उघडेल अशी ठेवा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा. समोर पाचशे टेप पडलेल्या असताना परवानगी मागणारी लिंक कुणी उघडत बसत नाही. फाइलला नाव, वय, उंची, भूमिका असं नाव द्या.

हिंदीचं काम हवं असेल तर मराठी माणसानं कानाला वेगळी सवय लावावी लागते. आपण 'मेरा आवाज' म्हणतो, कारण मराठीत आवाज पुल्लिंगी आहे. हिंदीत तो स्त्रीलिंगी. 'विजय'चंही तेच. 'फूल' म्हणताना आपले ओठ दातांना लागतात, हिंदीत दोन्ही ओठ मिटून उघडतात. उलट 'सिर्फ़', 'साफ़' मध्ये ते दातांना लागायला हवेत. असे शब्द वहीत लिहून रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचले तर काही महिन्यांत फरक पडतो. पण आपली बोली मात्र घासूनपुसून टाकू नका. सांगली-कोल्हापूरकडची, मराठवाड्याची, वऱ्हाडी बोली अस्सल बोलणारी माणसं मराठी मालिकांना लागतातच.

काम पक्कं झालं की चार गोष्टी लेखी विचारायच्या: पर डे म्हणजे एका दिवसाचे पैसे किती, महिन्याला किमान किती दिवसांची हमी, 90 दिवस कुठल्या तारखेपासून मोजणार, आणि मालिका चालू असताना नाटक करता येईल का. 90 दिवसांचा वाद इथेच होतो. काही जण महिनाअखेरीपासून मोजतात, काही एपिसोड दाखवल्याच्या तारखेपासून. आधीच शूट करून राखून ठेवलेले (‘बँकेतले’) काही भाग असतील तर दुसऱ्या प्रकारात आणखी आठवडे वाढतात. मी प्रत्येक शूटच्या दिवशी तारीख, आत गेल्याची आणि पॅकअपची वेळ लिहून ठेवते. महिना संपला की ती यादी ईपीला, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरला, पाठवून त्यांचा 'ओके' घेते. एकदा चार दिवस व्हाउचरमधून गळले होते, ते या यादीमुळेच मिळाले.

हातात किती येतं तेही बघा. समजा 3,000 पर डेनं 20 दिवस झाले, म्हणजे 60,000. त्यातून 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, 6,000. काम को-ऑर्डिनेटरकडून, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाकडून, आलं असेल आणि त्याचे 15 टक्के ठरले असतील तर आणखी 9,000. उरले 45,000. टीडीएस बुडत नाही, आयकर विवरणपत्र भरलं आणि तेवढा कर लागत नसेल तर परत येतो. उत्पन्न थोडं म्हणून विवरणपत्र न भरणारे कलाकार हे पैसे उगाच सोडून देतात. को-ऑर्डिनेटरचा टक्का तुमचे पैसे आल्यावर द्यायचा असतो. ऑडिशनआधी रजिस्ट्रेशन, कार्ड किंवा पोर्टफोलिओ सक्तीचा म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. ऑडिशन हॉटेलच्या खोलीत ठेवली असेल तर जाऊ नका, भूमिका कितीही मोठी सांगितलेली असो.

चार महिन्यांची खिंड लढवायला मला डबिंगनं आणि नाटकानं हात दिला. नाटकाची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, बहुतेक ठिकाणी प्रयोगाच्या दिवशीच हातात मिळते. व्यावसायिक नाटकात नवख्या माणसाला आत शिरायची खरी वाट रिप्लेसमेंटची आहे. एखाद्या कलाकाराला मालिकेच्या तारखांमुळे प्रयोग सोडावे लागतात, तेव्हा दोन-तीन दिवसांत उभं राहू शकेल असं कुणीतरी हवं असतं. म्हणून शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ, गडकरी रंगायतन इथे चालू असलेली नाटकं बघत राहा. आपल्याला साजेशी भूमिका दिसली की ते नाटक तीनदा बघा, त्या पात्राच्या एन्ट्री-एक्झिट आणि हालचाली टिपून ठेवा, आणि प्रयोगानंतर विंगेत जाऊन व्यवस्थापकाला भेटून नाव, नंबर आणि 'ही भूमिका माझी बघून ठेवलेली आहे' एवढं सांगून या.