पाठीवरचा शिक्का

मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात पांढरीशुभ्र चिनी मूर्ती दिसली, वीतभर उंच, आणि पाठीवर चौकोनी शिक्का. दुकानदार म्हणाला, "चारसौ साल पुराना पीस है मॅडम, पीछे मोहर देखो." झालं, मी पाघळले. घरी आईचा पहिला प्रश्न, "देवी आहे का गं ही? मग शोकेसमध्ये कशी ठेवायची?"

देवीच आहे म्हणा. ग्वानयिन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर तिकडे चीनमध्ये जाऊन बाई झाला ती. आणि असला दुधाळ पांढरा माल फुजियान प्रांतातल्या देहुआचा. पण शिक्का काही वाचता येईना, खाचांमध्ये ग्लेझ, म्हणजे वरचं काचेसारखं आवरण, साचलेलं, पांढऱ्यावर पांढरं. शेवटी काजळ चोळलं आणि वरचं पुसून घेतलं, तेवढ्यात अक्षरं अशी उठून आली की बास! फोटो काढून फोनला विचारलं तर काहीतरी भलतंच, कारण फोटो उलटा होता 😄 सरळ केल्यावर तीन अक्षरं, ह चाओझोंग. चीनच्या मिंग राजघराण्याच्या काळाच्या शेवटाशेवटचा, म्हणजे साधारण चारशे वर्षांपूर्वीचा, देहुआचा सगळ्यात नावाजलेला कारागीर. मी उड्याच मारल्या.

मग वाचत बसले आणि हवा गेली. ह्या माणसाचा शिक्का त्याच्यामागे शेकडो वर्षं लोक मारतायत, आजही मारतात. आपल्याकडे शेवटी 'तुका म्हणे' जोडून कुणीकुणी अभंग रचले ना, तसंच. राजांच्या नावांचंही तेच, कांगशी बादशहाच्या काळातल्या (1662–1722) भांड्यांखाली दोनशे वर्षांपूर्वीच्या मिंग बादशहाचं, छंगह्वाचं नाव सर्रास सापडतं, आणि त्यात दरवेळी फसवायचाच हेतू असायचा असं नाही, जुन्याचा मानही असायचा.

मग मूर्ती उलटी करून पोकळीत टॉर्च मारला. जुन्या देहुआ मूर्तींत माती साच्यात हाताने दाबायचे, त्यामुळे आत बोटांचे ठसे, जाडी कमीजास्त. माझी आतून स्टीलच्या पेल्यासारखी गुळगुळीत, म्हणजे पातळ माती साच्यात ओतून केलेली. अलीकडचीच.

गंमत म्हणजे माझ्याकडचा दुसरा पीस, गळ टाकून बसलेला म्हातारा, जास्त प्रामाणिक निघाला. तो चीनच्याच ग्वांगडोंग प्रांतातल्या शिवानचा, फोशानजवळचा. अंगरख्याला हिरवं-निळं ग्लेझ, चेहरा नि हात कोऱ्या मातीचे. बुडाशी इंग्रजीत नुसतं 'चायना' दाबलेलं, तेही वाकडं. अमेरिकेने 1890 च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, ते 1891 पासून लागू झालं, म्हणून हे इंग्रजी अक्षर दिसलं की वस्तू साधारण त्यानंतरची. 'मेड इन चायना' असेल तर बहुतेक आणखी पुढची. उलटं मात्र धरू नका हं, काहीच लिहिलेलं नाही म्हणून जुनी असं नाही, कागदी लेबलं निघून जातात.

ग्वानयिन आता देवघरात आहे, आईने परस्पर हलवली. रोज एक जास्वंद मिळतं तिला. पाठीवरचं काजळ तसंच आहे.