एवढासा वण

आज अक्का आल्या, लेकराचा शर्ट वर करून बघितला आणि म्हणाल्या, "एवढंच होय? मुंगी चावल्यावानी दिसतंय." त्यांचंही अपेंडिक्स लहानपणीच काढलेलं. उजवीकडे बोटभर तिरपा वण आहे, टाक्यांच्या खुणांसकट. त्यापुढे बेंबीतला एक आणि खालचे दोन बारीक छेद म्हणजे काहीच नाही. वाईट हेतूने बोलल्या नाहीत. तरी दुपारपासून मनातून जात नाही.

वण एवढासा, म्हणजे भीतीही एवढीशीच असणार. सगळ्यांनी तसंच धरलंय. फोनवरही तेच, "दुर्बिणीतून केलं ना, मग काय!"

परभणीहून नांदेडला नेताना लेकरू प्रत्येक गतिरोधकावर ओरडत होतं. सकाळी बेंबीभोवती दुखत होतं, रात्री उजवीकडे खाली हात लावू देईना. डॉक्टरांनी पोट दाबलं तेव्हा गप्प होता, हात उचलला तसा किंचाळला. लहान लेकरांत लवकर फुटतं, आजच काढू, म्हणाले. सही मी केली. ह्यांचं त्या वेळचं... जाऊ दे.

समजावलं मात्र नीट. कागदावर पोट काढून दाखवलं. कार्बन डायऑक्साइड भरून फुगवायचं, बेंबीतून कॅमेरा, बाकीच्या छेदांतून अवजारं, मुळाशी बांधून कापायचं. तरी रात्री हा पोट सोडून खांदा दुखतो म्हणून रडायला लागला आणि माझं काळीजच हललं. उरलेला गॅस छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो, कळ खांद्यात जाते, असं सिस्टरने सांगितलं. उजाडेपर्यंत खांदा चोळत बसले. त्याचा कुठे वण राहिला?

वाचलं की 1735 साली लंडनमध्ये क्लॉडियस अम्यांड या सर्जनने एका पोराचं अपेंडिक्स काढलं, नोंद असलेलं पहिलंच. पोरगं 11 वर्षांचं, आमच्याएवढं. भूल तेव्हा नव्हतीच. जगलं ते. त्याच्या आईबद्दल मात्र एक ओळ सापडली नाही.

अक्कांचंही खरंच आहे म्हणा. त्यांचा वण बघत सासूबाईंनी किती वर्षं काढली असतील. आणि ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर मी तरी दुसरं काय मागत होते? काही मागे राहू नये, एवढंच ना?

शनिवारी तपासणी आहे. पीटीतून सुटीची चिठ्ठी डॉक्टरांकडून लिहूनच घ्यायला हवी. नुसतं पोट बघून सरांनाही पटायचं नाही.