टेल चालू आहे, मग लॉग का थांबला?

लॉग (प्रोग्रामने केलेल्या नोंदींची फाइल) बघायला टेल ही फाइलच्या शेवटच्या ओळी दाखवणारी कमांड लावून ठेवलेली असते, स्क्रीनवर बराच वेळ काही हलत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं की सर्व्हरवर सगळं आलबेल आहे. पुष्कळदा तसं नसतं. एकतर टेल जुन्याच फाइलला चिकटून बसलेला असतो, नाहीतर ओळी पाइपमध्ये, म्हणजे एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणाऱ्या जोडणीत, अडकलेल्या असतात. लिनक्सवर लॉग बघणाऱ्या प्रत्येकाला या दोन्ही गोष्टी माहीत असायलाच हव्यात. (इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या आणि स्मॉल-कॅपिटलचा फरक काटेकोर पाळायचा.)

आधी साधं काम. नुसतं टेल आणि फाइलचं नाव दिलं की शेवटच्या १० ओळी येतात. ५० हव्या असतील तर -एन ५०. आकड्याआधी अधिक चिन्ह घातलं की अर्थच बदलतो: -एन +२ म्हणजे दुसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत. सीएसव्ही फाइलची हेडिंगची ओळ गाळायला हे फार सोयीचं पडतं. फाइल १० जीबीची असली तरी उत्तर झटक्यात येतं, कारण टेल थेट फाइलच्या शेवटाशी जातो आणि तिथून मागे मागे वाचत ओळी मोजतो.

चालू लॉगसाठी, म्हणजे नव्या ओळी येतील तशा बघायला, बहुतेक जण टेलला स्मॉल एफ (-एफ) हा पर्याय देतात. घोळ होतो तो इथेच. स्मॉल एफ दिला की टेल फाइलच्या नावावर नाही, तर एकदा उघडलेल्या फाइलवर लक्ष ठेवतो. लॉगरोटेट (जुना लॉग बाजूला ठेवून नवा सुरू करणारा, म्हणजे रोटेशन करणारा प्रोग्राम) चाललं की ॲक्सेस.लॉग या फाइलचं नाव ॲक्सेस.लॉग.१ होतं आणि मूळ नावाने नवी, रिकामी फाइल तयार होते. हा लॉग लिहिणाऱ्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला सिग्नल मिळाला की तो नव्या फाइलमध्ये लिहू लागतो. टेल मात्र जुनीच फाइल धरून बसतो. एरर नाही, सूचना नाही, नुसती शांतता.

उपाय एका अक्षराचा: कॅपिटल एफ. मग टेल नावावर नजर ठेवतो. फाइल बदलली की तसं सांगतो आणि नवी फाइल वाचायला लागतो. फाइल अजून तयारच झालेली नसेल तर वाट बघतो. लॉगसाठी सवय कॅपिटल एफचीच लावून घ्या. रोटेशन कॉपीट्रंकेट पद्धतीचं असेल तर फाइल तीच राहते, फक्त रिकामी होते. तिथे स्मॉल एफही चालतो, पण प्रत्येक सर्व्हरचं कॉन्फिग कोण तपासत बसणार?

टीमक्समध्ये (टर्मिनलची सेशन मागे चालू ठेवणारा प्रोग्राम) विसरलेल्या टेलचा आणखी एक त्रास आहे. जुनी फाइल डिलीट झाली तरी टेलने ती उघडी धरलेली असेल तर डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. डिस्कवरची जागा सांगणारं डीएफ डिस्क भरली म्हणतं, आणि फाइलींचा आकार मोजणाऱ्या डीयूने बेरीज केली तर तेवढ्या फाइल सापडत नाहीत. अशा वेळी एलएसओएफ +एल१ (+ नंतरचा एल कॅपिटल) चालवा. डिलीट झालेल्या पण उघड्या असलेल्या फाइल आणि त्या धरून बसलेल्या प्रोसेस दिसतात.

आता पाइप. टेलपुढे एक ग्रेप (हवा तो मजकूर असलेल्या ओळीच गाळून देणारी कमांड) लावला तर ओळी लगेच दिसतात, कारण त्याचं आउटपुट थेट टर्मिनलवर जातं. त्यापुढे दुसरा ग्रेप जोडला की पहिल्याचं आउटपुट पाइपमध्ये जातं, आणि मग तो ओळीओळीने न देता साधारण ४०९६ बाइट साठले की एकदम सोडतो. एक ओळ २०० बाइटची धरली तर वीसेक ओळी साठेपर्यंत काहीच दिसणार नाही. मिनिटाला एक एरर येत असेल तर वीस मिनिटं गेली! म्हणून मधल्या प्रत्येक ग्रेपला --लाइन-बफर्ड द्या. ओळींमधला मजकूर बदलणाऱ्या सेडसाठी -यू आहे. उबंटूवर ऑक (ओळीचे रकाने वेगळे करून तपासणारी कमांड) म्हणजे बहुधा त्याचाच मॉक हा प्रकार असतो आणि तो इनपुटच साठवून वाचतो; त्याला -डब्ल्यू (कॅपिटल) इंटरॅक्टिव्ह द्यावं लागतं.

ऑकचा उल्लेख मुद्दाम केला. एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये ५०२ हा एररचा स्टेटस कोड शोधायला नुसता ग्रेप ५०२ केला तर १५०२८ बाइटचं धडधाकट उत्तरही हाती लागतं. नेहमीच्या कंबाइंड फॉरमॅटमध्ये स्टेटस कोड नवव्या रकान्यात असतो, म्हणून ऑकमध्ये $९ == ५०२ असं तपासलेलं चांगलं.

चालता लॉग मध्येच थांबवून मागे जाऊन शोधायचं असेल तर टेलपेक्षा लेस (फाइल पानापानाने दाखवणारी कमांड) बरा. लेस +एफ (कॅपिटल) ने फाइल उघडा, कंट्रोल-सी दाबून थांबवा, स्लॅश देऊन शोधा, आणि शिफ्ट-एफ दाबला की लॉग पुन्हा वाहू लागतो. फक्त रोटेशनची अडचण इथेही तीच आहे; नावावर लक्ष ठेवायला --फॉलो-नेम जोडा.

सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) सर्व्हिसचा लॉग जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या स्वतःच्या नोंदवहीत, जात असेल तर फाइल शोधत फिरू नका. जर्नलसीटीएल -यू, सर्व्हिसचं नाव आणि -एफ, एवढं पुरतं. इथला एफ स्मॉलच. रोटेशनचं जर्नल स्वतः बघतं.